आईच्या रूट कॅनाल केलेल्या दाढेत परत पू होतोय. दाढ काढायची की परत रूट कॅनाल?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आई ६४ वर्षांची, शुगर आहे दहा-बारा वर्षांपासून, गोळ्यांवर बरी कंट्रोलमध्ये असते. चार वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच एका क्लिनिकमध्ये तिच्या उजवीकडच्या वरच्या दाढेचं (अक्कलदाढ नाही, पुढची मोठी दाढ) रूट कॅनाल केलं, वर कॅप बसवली. तीन वर्षं एकदम मस्त गेली. गेल्या दिवाळीच्या आसपास त्या दाढेच्या वर हिरडीवर एक पुळी यायला लागली. येते, फुटते, तोंडात खारट घाण चव येते, मग दोन-तीन आठवडे गायब आणि परत हजर. दुखत असं फारसं नाही, त्या बाजूने भाकरी चावली की दाढ भरल्यासारखी वाटते म्हणते.

क्लिनिकवाल्यांनी पहिल्यांदा पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, पुळी बसली. दीड महिन्याने परत आली, परत कोर्स. जानेवारीत तिसरा कोर्स, त्यात दोन प्रकारच्या गोळ्या, तिचं पोट पार बिघडलं, चार दिवस नुसत्या ताकभातावर होती. शेवटी एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतोय. ते म्हणाले सिस्ट (पाणी भरलेली गाठ) झालीय, दाढ काढा आणि इम्प्लांट (हाडात रोवून बसवायचा कृत्रिम दात) बसवा. दुसऱ्या एका डॉक्टरकडे राम मारुती रोडला दाखवलं, ते म्हणाले काढायची घाई करू नका, आधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन करा, परत रूट कॅनाल करता येईल. आता एक म्हणतो काढा, एक म्हणतो ठेवा, आम्ही काय ठरवायचं?

त्यात मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात ठेवलेलं प्रेत, त्याचं विष रक्तात जातं, हार्ट आणि कॅन्सर सगळं त्यातूनच होतं. आई ते वाचून दोन रात्री झोपली नाहीये आणि मला त्याचाच जास्त राग आलाय.

यावर खरंच काही संशोधन झालंय का? दाताच्या आत इन्फेक्शन आहे हे नक्की कळतं कसं? आणि गोळ्यांनी का जात नाहीये? कुणाला अनुभव असेल, किंवा कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज लिहा. बाकी तिची तब्येत ठीक आहे, फक्त सर्दीचा त्रास, उजवी नाकपुडी सारखी चोंदते आणि कधीकधी वास येतो म्हणते, त्यासाठी ईएनटीचा स्प्रे चालू आहे.

कोपरी_पूर्व

दादा, मी डॉक्टर नाही पण या गोळ्यांच्या चक्रातून गेलेय म्हणून लिहिते.

माझी खालची डावी बाजू ठणकायची, रात्री आडवं झालं की जास्त, आणि थंड पाणी प्यायलं की कानापर्यंत कळ. मी शपथेवर सांगत होते की शेवटून दुसरी दाढ दुखतेय. जवळच्या एका दवाखान्यात त्यांनी मी बोट ठेवलं तीच दाढ उघडायची तयारी केली, इंजेक्शनची सुई हातात होती आणि तेवढ्यात लाईट गेली म्हणून दुसऱ्या दिवशी या म्हणाले. घरी आल्यावर नणंद म्हणाली एकदा नेरूळच्या डेंटल कॉलेजला जाऊन ये, तिच्या मुलाचं तिथे झालं होतं. ठाण्याहून ट्रेन सरळ नेरूळला जाते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला.

तिथे एका पीजी करणाऱ्या मुलीने पाऊण तास नुसतं तपासलं. बर्फासारखा थंड कापूस एकेका दाताला लावला, प्रत्येक दातावर आरशाच्या दांडीने टकटक केलं, चावायला एक प्लास्टिकची पट्टी दिली, हिरडीच्या कडेने मापायची काडी फिरवली. आणि निघालं काय, तर मी दाखवत होते ती दाढ ठणठणीत! गडबड तिच्या पुढच्या दाढेत होती, जुन्या चांदीच्या फिलिंगखाली कीड गेलेली. थंड लावल्यावर तिथली कळ अर्धा मिनिट गेलीच नाही. ती म्हणाली दातातली नस सुजली की मेंदूला दात नेमका ओळखता येत नाही, कधी वरचा दुखतो आणि वाटतं खालचा दुखतोय. त्या दिवशी लाईट गेली नसती तर माझी चांगली दाढ फुकट उघडली गेली असती, आजही विचार आला की अंगावर काटा येतो.

त्यामुळे काढायची की ठेवायची हे नंतर, आधी व्यवस्थित तपासणी झालीय का ते बघा. आईंना थंड, टकटक, हिरडीचं माप हे सगळं कुणी केलं का?

घोडबंदरकर

ताई, खरं सांगू का, कुणीच नाही केलं. पहिल्यांनी फक्त एक्स-रे, दुसऱ्यांनी टकटक केलं.

दंतमूळ_नेरूळ

मी एंडोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे दंतवैद्यकानंतर रूट कॅनालच्याच विषयात एमडीएस केलंय. तोंड बघितलेलं नाही, एक्स-रे बघितलेला नाही, त्यामुळे मी लिहितेय ते उपचार म्हणून घेऊ नका, डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते ठरवायला घ्या.

सगळ्यात आधी तुम्ही अगदी शेवटी सहज लिहिलंय त्याबद्दल. उजवी वरची दाढ, उजवीकडचीच नाकपुडी, आणि वास. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या (गालाच्या हाडातली, नाकाला जोडलेली पोकळी) तळाला जवळजवळ टेकलेली असतात, मध्ये कधी कागदाएवढं हाड असतं तर कधी तेही नसतं. मुळाच्या टोकाला पू असेल तर सायनसचं अस्तर सुजतं आणि माणूस महिनोन् महिने सर्दीचे स्प्रे मारत बसतो. एकाच बाजूचा सायनस आणि त्यात घाण वास असेल तर दाताकडे बघायलाच हवं. आईंचं तेच आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्या दंतवैद्यांना नाकाचं सांगा आणि ईएनटीवाल्यांना दाढेचं सांगा, दोघांना एकमेकांचं माहीतच नसणार.

आता गोळ्यांचं. गोळी रक्तातून फिरते. रूट कॅनाल केलेल्या किंवा नस मेलेल्या दाताच्या आत रक्त जातच नाही, मग औषध पोचणार कुठून? जंतू आत मुळातल्या नळीच्या भिंतीला चिकटून बसलेत, बाहेर हाडात जी सूज आणि पू आहे तो शरीराने त्यांच्याविरुद्ध उभा केलेला बंदोबस्त आहे. गोळीने बाहेरचं थोडं शांत होतं, पुळी बसते, आतला कारखाना चालूच. म्हणून सहा आठवड्यांनी परत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की ताप नाही, सूज पसरत नाहीये, आणि दातावर उपचार करता येण्यासारखे आहेत, तर बहुतेक मोठ्या माणसांना अँटिबायोटिक देऊच नका. नस सुजून होणाऱ्या ठणक्यावर पेनिसिलीन विरुद्ध नुसती साखरेची गोळी अशी तुलना ४० पेशंटवर केली होती, दुखण्यात काही फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, पण आम्ही रोज तेच बघतो. ताप, गाल सुजून डोळ्यापर्यंत जाणं, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, यातलं काही झालं तर मात्र वेळ न घालवता हॉस्पिटल, तिथे गोळ्या-इंजेक्शन लागतात.

मूळ गोष्ट जंतूंची आहे हे कसं कळलं ते सांगते कारण मला स्वतःला ती गोष्ट फार आवडते. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदीर घेतले, काही साधे आणि काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. दोघांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी केली आणि तशीच सोडली, खाणंपिणं त्यात अडकत राहिलं. साध्या उंदरांची नस आठवडाभरात मेली, पू झाला, मुळाशी गळू झालं. निर्जंतुक उंदरांमध्ये मात्र नस जगली, आणि तीन-चार आठवड्यांत त्या भोकावर आतून नवीन डेंटिनचा (दाताचा मुख्य कडक भाग) थर येऊन ते बुजलं! कसलं औषध नाही, सिमेंट नाही. नस उघडी पडणं हा प्रश्नच नव्हता, जंतू आत जाणं हा प्रश्न होता.

मग १९७६ मध्ये स्वीडनमध्ये सुंडक्विस्टने मार लागून नस मेलेले ३२ दात तपासले, वरून कीड नसलेले, अख्खे. ज्या १९ दातांच्या मुळाशी हाड झिजलेलं होतं त्यातल्या १८ मध्ये जंतू सापडले, आणि जिथे हाड चांगलं होतं त्या दातांमध्ये नस मेलेली असूनही जंतू नाहीत. नुसता मेलेला दात त्रास देत नाही. तुमच्या मावशीच्या त्या प्रेतवाल्या मेसेजला उत्तर यातच आहे, आईंना नक्की सांगा.

तुमच्या केसकडे येते. पहिलं काम, चार वर्षांपूर्वीचे एक्स-रे शोधा. आताचा काळा डाग एकटा काही सांगत नाही. तेव्हा डाग मोठा होता आणि आता लहान झालाय, की तेव्हा नव्हताच आणि आता आलाय? हाड भरायला एक वर्ष तर सहज लागतं, काहींना चार वर्षंही लागतात. अर्थात पुळी येतेय म्हणजे आत काहीतरी चालू आहे, तरी तुलना हवीच.

दुसरं, पुळी. पुळीच्या तोंडातून गटापर्चाची बारीक काडी (रूट कॅनालमध्ये भरतात तोच रबरासारखा पदार्थ) हळूच आत सरकवायची आणि एक्स-रे काढायचा, ती काडी वाट काढत नेमक्या कुठल्या मुळाशी जाते ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, बहुतेक वेळा दुखतही नाही, आणि पुळी ज्या दातावर दिसते त्याच दाताची असते असं अजिबात नाही.

तिसरं, हिरडीचं माप. दाताभोवती सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी काडी एकदम खोल गेली तर मूळ उभं तडकलेलं असण्याची शंका येते. ते असेल तर मी स्वतः सांगेन की दाढ काढा, तडकलेलं मूळ परत जोडता येत नाही.

सीबीसीटी मी या केसमध्ये मागितलाच असता. बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ मध्ये जबड्याच्या हाडात मुद्दाम पोकळ्या करून एक्स-रे काढले होते, आतल्या स्पंजसारख्या हाडातलं भोक फिल्मवर दिसतच नव्हतं, बाहेरच्या कडक हाडापर्यंत पोचल्यावरच दिसायचं. वरच्या दाढेवर तर गालाच्या हाडाची आणि सायनसची सावली पडते, साध्या फिल्ममध्ये सगळं एकावर एक. स्कॅन मात्र छोट्या भागाचाच करा, पूर्ण तोंडाचा नको, किरणं साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असतात.

आणि त्यात एक गोष्ट खास बघायची. या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दोन नळ्या असतात, त्यातली दुसरी केसासारखी बारीक आणि डेंटिनच्या कंगोऱ्याखाली लपलेली. मायक्रोस्कोपशिवाय ती राहून जाणं अगदी सर्रास होतं. तीन-चार वर्षं चांगली जाऊन मग पू होणाऱ्या वरच्या दाढा माझ्याकडे येतात त्यात ही राहिलेली नळी मी सगळ्यात आधी शोधते.

सिस्ट म्हणून काढा, हे मला पटत नाही. एक्स-रे बघून सिस्ट आहे की नुसती सूज हे खात्रीने सांगता येत नाही. नायर नावाच्या संशोधकाने २५६ दातांच्या मुळाच्या गाठी बारीक काप करून मायक्रोस्कोपखाली बघितल्या, त्यात खऱ्या अर्थाने सिस्ट फक्त १५ टक्के, बाकीच्या साध्या सुजेच्या गाठी आणि गळवं. आतलं इन्फेक्शन काढलं की त्या बऱ्या होतात, सिस्टमधल्याही काही.

सानपाडा_सेक्टर५

एवढं सगळं कशाला? मी सरळ काढून इम्प्लांट केलं, चार महिन्यांत मोकळा. परत रूट कॅनाल म्हणजे परत तेच पैसे आणि परत तीच भीती. आईंचं वय बघता एकदाच काय ते उरकून टाका असं माझं मत.

दंतमूळ_नेरूळ

तुम्हाला चांगलं झालं याचा आनंदच आहे. पण आईंना शुगर आहे, वरचं हाड मऊ, आणि सायनस सुजलेला असेल तर इम्प्लांटच्या आधी तो बरा व्हावाच लागतो, कधी सायनस वर उचलून खाली हाड भरावं लागतं. म्हणजे उरकणं वगैरे होत नाही. दाढ आत्ता काढली तर परत येत नाही, रूट कॅनाल परत करून नाही जमलं तर काढायचा मार्ग तेव्हाही उघडा आहेच. आणि हो घोडबंदरकर, आईंना हाडांसाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू आहे का ते बघा, त्यातली काही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरत नाही असं क्वचित होतं, डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

आकडेही सांगते म्हणजे खोटी आशा नको. स्वीडनमध्येच स्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आठ-दहा वर्षांनी पेशंट परत बोलावून तपासले. नस जिवंत असताना किंवा मुळाशी डाग नसताना केलेले दात ९६ टक्के चांगले, नस मेलेली आणि डाग असलेले ८६ टक्के, आणि आधीच रूट कॅनाल झालेले, मुळाशी डाग असलेले, परत केलेले ६२ टक्के. आईंचा दात या तिसऱ्या गटातला. ते दात मायक्रोस्कोप आणि सीबीसीटी नेहमीच्या वापरात यायच्या आधीचे, त्यामुळे राहिलेली नळी स्कॅनमध्ये दिसली आणि ती गाठता आली तर मला जास्त आशा वाटते. शुगर असलेल्यांमध्ये डाग असलेले दात थोडे कमी प्रमाणात बरे होतात हेही दिसलंय, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी) करून घ्या.

ऐरोली_मायक्रो

मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, ऐरोलीला लॅबमध्ये काम करतो, दातांचा डॉक्टर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या मेसेजबद्दल लिहितो कारण माझ्या सासूबाईंनी असल्याच मेसेजपायी दोन चांगले दात काढून घेतले.

हा मेसेज शंभर वर्षं जुना आहे हो. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं, की सोन्याच्या टोप्या आणि ब्रिजखाली लोकांच्या तोंडात सडलेली मुळं आहेत आणि त्यातून आजार होतात. त्या काळात दातांचे एक्स-रे नुकते कुठे यायला लागलेले, स्वच्छतेचा पत्ता नाही, त्यामुळे त्याचा राग समजू शकतो. पण पुढे वेस्टन प्राइसने रूट कॅनालचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली घातले, ससे आजारी पडले, आणि निष्कर्ष काढला की हा दातच विषारी. मग अमेरिकेत संधिवातापासून सगळ्यासाठी लोकांचे दात धडाधड काढले गेले. लोक काही बरे झाले नाहीत. आणि १९३६ मध्ये दिसून आलं की दात हलवून उपटताना हिरडीतले जंतू मुळावर आणि आत ढकलले जातात, म्हणजे काढलेल्या दातावर जंतू सापडले याचा अर्थ ते आधी आत होते असं होत नाही. तिथे तो सगळा डोलारा कोसळला.

यातलं खरं तेवढं सांगतो, उपचार न केलेलं इन्फेक्शन शरीरात ठेवणं चांगलं नाहीच, मुळाशी सूज असलेल्यांमध्ये हृदयाचे आजार जास्त दिसतात का यावर आजही अभ्यास चालू आहेत. पण दोन गोष्टी एकत्र दिसणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं. आईंना सांगा घाबरायचं कारण नाही, इन्फेक्शन काढायचं मात्र आहे.

दुसरं, पुवाची कल्चर टेस्ट करून योग्य गोळी का देत नाहीत असं कुणी विचारेल म्हणून. आम्ही बशीत जंतू वाढवतो ना, पण मुळातले बरेचसे जंतू ऑक्सिजन लागला की मरणारे, आणि कित्येक तर बशीत वाढतच नाहीत, डीएनए तपासायच्या पद्धती आल्यावर कळलं की आपल्याला अर्धं गाव दिसतच नव्हतं. फेल झालेल्या रूट कॅनालमध्ये एन्टेरोकोकस फीकॅलिस नावाचा जंतू वारंवार सापडतो. १९९८ च्या सुमारास त्याच्यावर बरंच काम झालं, उपाशी राहून टिकतो, नळीत भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्येही तग धरतो. अनेक वर्षं सगळा दोष त्यालाच दिला, आता डीएनएवाले म्हणतात तो एकटा नाही, टोळी असते. शिवाय ते सुटे पोहत नसतात, भिंतीवर शेवाळासारखा थर करून राहतात, आपल्याकडे पावसाळ्यात टाकीला धरतं तसं. टाकीत नुसतं औषध टाकून ते निघत नाही, खरवडावंच लागतं.

दंतमूळ_नेरूळ

टाकीचं उदाहरण मी आता पेशंटना सांगणार! फक्त त्यात एक भर घालते. नुसतं खरवडूनही निघत नाही. १९८१ मध्ये बायस्ट्रॉम आणि सुंडक्विस्टने नळ्या फाईलने (सुईसारखी बारीक कानस) घासल्या आणि मिठाच्या पाण्याने धुतल्या, जंतू शंभर ते हजार पटीने कमी झाले पण पुष्कळ नळ्यांमध्ये उरलेच. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच्या जातीतलंच द्रावण, वापरल्यावर फरक पडला. त्यातही नळीला फाटे असतात, दोन नळ्यांमध्ये चिंचोळ्या फटी असतात, तिथे फाईल पोचतच नाही. नायर यांनीच २००५ मध्ये खालच्या १६ दाढांचं एका बैठकीत नीट रूट कॅनाल करून लगेच मुळाचं टोक काढून तपासलं, १६ पैकी १४ मध्ये जंतू शिल्लक. तरी आमचे बहुतेक पेशंट बरे होतात, कारण उरलेले थोडे जंतू आत बंद झाले, अन्न मिळालं नाही की शरीर त्यांना पुरून उरतं. भरायच्या वेळी नळीतून जंतू आलेच नाहीत असे दात पाच वर्षांनी ९४ टक्के बरे, आणि जंतू आले होते ते ६८ टक्के, हा १९९७ चा अभ्यास. म्हणून धुण्याच्या वेळेत मी काटकसर करत नाही.

त्यामुळे डॉक्टरांना हे विचारा की रबर डॅम लावता का. ते निळं किंवा हिरवं रबराचं कापड, दात त्यातून बाहेर काढून बाकी तोंड झाकतात. ते नसेल तर एकीकडे जंतू धुवायचे आणि दुसरीकडे लाळेतून नवे आत सोडायचे, असं होतं. लाज वाटून घेऊ नका विचारताना. पैशांचा प्रश्न असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांमध्ये आमच्या विषयाचे पीजी विभाग आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहे. वेळ लागतो, चार-पाच फेऱ्या होतात, पण काम वरिष्ठांच्या नजरेखाली होतं.

कोपरी_पूर्व

डॉक्टर, लेझर रूट कॅनाल म्हणून ठाण्यात तीन पेट्रोल पंप भागात बोर्ड बघितलाय, ते जास्त चांगलं असतं का? थोडं विषयांतर आहे, माफ करा.

दंतमूळ_नेरूळ

विषयांतर नाही. लेझरने धुण्याचं द्रावण जोरात हलवता येतं, अल्ट्रासॉनिकनेही येतं, फायदा होतो. पण लेझर फाईलची आणि हायपोक्लोराइटची जागा घेत नाही. त्यामुळे दात जास्त टिकतात असं ठामपणे सांगणारे लांब पल्ल्याचे अभ्यास मी तरी वाचलेले नाहीत. बोर्ड बघून जाऊ नका.

घोडबंदरकर

अपडेट द्यायला उशीर झाला, मधे दोन महिने गेले, सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं आणि मी गायब झालो, माफी असावी.

जुना एक्स-रे सापडला! आईने कॅपच्या वॉरंटी कार्डाबरोबर देवघराच्या खालच्या खणात ठेवला होता, छोटीशी फिल्म, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यात मुळाशी डाग नाहीये, म्हणजे हे सगळं नंतरचं. राम मारुती रोडच्या डॉक्टरांनी ती बघितली, पुळीत काडी घालून एक्स-रे काढला (मी स्वतःहून विचारलं, ते म्हणाले करणारच होतो), काडी सरळ गालाकडच्या पुढच्या मुळाच्या टोकाशी गेली. हिरडीचं माप सगळीकडे ठीक, तडा नाही बहुतेक. मग छोटा सीबीसीटी केला आणि रिपोर्टमध्ये तेच, त्या मुळात दुसरी नळी आहे आणि ती भरलेलीच नाही. शिवाय उजव्या सायनसच्या तळाचं अस्तर चांगलंच जाड झालेलं. स्क्रीनवर त्यांनी दाखवलं तेव्हा मला आधी काही कळलंच नाही, मग त्यांनी पेन्सिलने दाखवलं, तीन पांढऱ्या रेघा आणि एक काळी. एवढ्याशा काळ्या रेघेपायी आईने तीन कोर्स गिळले.

ईएनटी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, ते म्हणाले आधी दाढेचं करून घ्या, नाकाचं मग बघू. हाडांची गोळी चालू नाहीये. तीन महिन्यांची शुगर सात पॉइंट एक.

कॅप कापून काढली, रबर डॅम लावला (आई म्हणाली जीव घुसमटेल असं वाटलं होतं, पण नाकाने श्वास घेता येतो, उलट पाणी घशात जात नाही ते बरं वाटलं), पहिल्या दिवशी दीड तास, त्यात ती चौथी नळी शोधायलाच अर्धा तास गेला. मायक्रोस्कोप होता. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून तीन आठवडे बंद ठेवलं. अँटिबायोटिक एकही दिलं नाही, फक्त दोन दिवस दुखण्याची गोळी. दहाव्या-बाराव्या दिवशी पुळीची जागा सपाट झाली, आता हिरडीवर एक पांढरट ठिपका आहे फक्त. परवा नळ्या भरून झाल्या.

नाकाचं तर मी विचारलंही नव्हतं. काल सकाळी चहा ठेवताना तीच म्हणाली, अरे वेलची टाकलीय का यात, मला वास आला.

डॉक्टर, आता वर सिमेंट भरलंय, कॅपसाठी आई म्हणतेय की गणपती झाले की बघू, गावी जायचंय. चालेल का?

दंतमूळ_नेरूळ

वेलचीचं वाचून खूप बरं वाटलं.

कॅप थांबवू नका, गणपतीच्या आधीच करा. वरचं सिमेंट तात्पुरतं असेल तर काही आठवड्यांत ते कडेने झिरपतं आणि लाळ परत आत. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये रूट कॅनाल केलेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले, आतलं भरणं आणि वरचं बांधकाम दोन्ही चांगलं तिथे ९१ टक्के मुळांशी सूज नाही, दोन्ही वाईट तिथे फक्त १८ टक्के. आणि पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय सुपारी-चकलीवर तडकते, मग काढण्याशिवाय काही उरत नाही. लगेच जमत नसेल तर निदान पक्कं कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) भरून घ्या आणि गावाला त्या बाजूने कडक काही खाऊ देऊ नका.

सहा महिन्यांनी एक्स-रे, मग वर्षाने परत. सहा महिन्यांत डाग पूर्ण गेला नाही तरी घाबरू नका, लहान झालेला दिसला तरी पुष्कळ. आणि यावेळचे सगळे एक्स-रे आणि स्कॅनची सीडी त्याच खणात ठेवायला सांगा.

घोडबंदरकर

कॅपचं माप पुढच्या गुरुवारी ठरवलं. जुनी फिल्म आणि सीडी एका पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवलीय, मावशीला पण डॉक्टरांचं उंदरांचं पाठवलंय.